लेकराला दाबून धरल्याशिवाय टाके पडत नाहीत का?

गोदाकाठ (परभणी)

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. दीड महिन्यापूर्वी संध्याकाळी अंगणात पळता पळता शहाबादीच्या पायरीवर पडली आणि हनुवटी फाटली. जखम बोटाच्या पेराएवढीच, पण रक्त खूप. ओला रुमाल दाबून शेजारच्या दादांच्या गाडीवर तिला दवाखान्यात नेलं. रस्ताभर ती रडलीसुद्धा नाही. "मम्मी, फ्रॉकला लागलं का गं?" एवढंच विचारत होती.

आत नेलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. "आई समोर असली की लेकरं जास्त रडतात." मी थांबले. तिला चादरीत गुंडाळलं. दोघांनी पाय धरले, एकाने खांदे, एकाने डोकं. दाराच्या फटीतून मला तिचा फक्त एक पाय दिसत होता. पैंजण वर सरकलं होतं आणि पायाची बोटं काठीसारखी ताणली होती. "मम्मी, मला घे" हे मी किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. तीन टाके पडले. बाहेर आणली तेव्हा फ्रॉक ओला होता, शू झाली होती.

डॉक्टर वाईट नव्हते. टाके सुबक घातलेत, वण शोधावा लागतो. पण पोरगी बदलली. केस कापायला नेलं तर गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळताच किंचाळली. रात्री झोपेत "सोडा" म्हणते. परवा आशाताई सांगून गेल्या की पाच वर्षांचा डीपीटी लसीचा बूस्टर राहिलाय. त्या दिवशी तिला कसं न्यायचं? आणि हे सगळं दाबूनच करावं लागतं का? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपा करून सविस्तर लिहा.

बालाघाट (बीड)

ताई, वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही सांगतो. माझ्या पोराच्या नडगीला उसाच्या फडात कोयता लागला होता, सात वर्षांचा होता तेव्हा. रात्रीचे साडेनऊ. तालुक्याला एकच डॉक्टर, त्यांच्याकडं बाळंतपणाची बाई अडलेली. रक्त थांबत नव्हतं. मी स्वतः त्याच्या छातीवर हात देऊन धरलं. दुसरा मार्गच नव्हता. लेकरू रडलं, आठवड्यात विसरलं. आज त्याच पायावर कबड्डी खेळतंय. त्या वेळी जीव बघावा लागतो, रडणं नाही.

मांजराकाठ (लातूर)

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

बालाघाट, तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. रक्त वाहतंय, श्वास अडतोय, अशा वेळी थांबायचं नसतं. पण हनुवटी, कपाळ, भुवई यांच्या ज्या जखमा रोज येतात त्या बहुतेक अशा नसतात. स्वच्छ गॉज दाबून धरला की रक्त थांबतं आणि हातात अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासाचं काय करायचं, हा या धाग्याचा खरा प्रश्न आहे.

"विसरतं" या शब्दावर मात्र मी अडतो. 1980 च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. बाळाला दुखणं कळत नाही आणि कळलं तरी लक्षात राहत नाही, असा समज होता. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कन्वलजीत आनंद यांनी 1987 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या लेखाने तो समज हलवला. पुढे 1997 मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं की जन्मानंतर भूल न देता सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस घेताना इतरांपेक्षा जास्त कळवळत होती. दिवस, जागा, चेहरा विसरत असतील, पण पुढच्या सुईला अंग कसं वागायचं ते ठरवून बसलेलं असतं. गोदाकाठ ताईंच्या मुलीचं पांढरं कापड हे त्यातलंच.

आता कामाचं. टाक्यांपेक्षा मुलांना जास्त झोंबतं ते बधिर करायचं इंजेक्शन. त्यातलं बधिर करणारं औषध, लिग्नोकेन, आम्लधर्मी असतं, म्हणून आग होते. 9 मिली लिग्नोकेनमध्ये 1 मिली सोडा बायकार्बचं इंजेक्शन मिसळलं की ही आग बरीच कमी होते, आणि दोन्ही वस्तू तालुक्याच्या दवाखान्यातही असतात. फ्रिजमधली बाटली थेट वापरू नये, औषध अंगाच्या उबेला आणावं. सगळ्यात बारीक सुई घ्यावी. धडधाकट कातडीतून टोचण्यापेक्षा जखमेच्या कडेतून आत जावं. आणि अगदी हळू सोडावं. घाईने ढकललं की कातडी आतून ताणली जाते, त्याचंच जास्त दुखतं. मग दोन-चार मिनिटं थांबावं, चिमटा लावून बघावं आणि मगच टाका घ्यावा.

त्याही आधी एक पायरी घेता येते. उघड्या जखमेत ठेवायचं बधिरतेचं जेल असतं. त्यात लिग्नोकेन, रक्तवाहिन्या आवळणारं अॅड्रिनॅलिन आणि बधिर करणारंच टेट्राकेन असतं, 20 ते 30 मिनिटांत जखमेच्या कडा पांढुरक्या पडतात आणि पुष्कळदा सुई लागतच नाही. ते जेल नसेल तर मी लिग्नोकेन-अॅड्रिनॅलिनमध्ये भिजवलेला गॉज जखमेत ठेवतो आणि आईला तो वीस मिनिटं दाबून धरायला सांगतो. तेवढं औषध वजनाच्या हिशेबात धरावं लागतं, म्हणून हे घरी करायचं काम नाही. बोटाच्या टोकाला किंवा नाकाच्या शेंड्याला मी अॅड्रिनॅलिनवालं वापरत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारं लिग्नोकेन-प्रिलोकेनचं मलम वेगळं. ते अखंड कातडीवर लावायचं, वरून चिकटपट्टीने झाकायचं आणि तासभर थांबायचं. रक्त काढायचं असेल, सलाईन लावायचं असेल तर ते चांगलं. फाटलेल्या जखमेत ते नको. तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको, कारण जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते.

डोक्याच्या छोट्या जखमेला तर कित्येकदा टाकाच लागत नाही. दोन्ही बाजूंच्या केसांना एकदा पीळ द्यायचा आणि पिळावर वैद्यकीय गोंदाचा थेंब सोडायचा. ना सुई, ना टाके काढायची फेरी.

इंटर्न असताना मीही मुलांचे पाय धरलेत. कुणी दुसरं काही शिकवलंच नव्हतं. म्हणून आई-वडिलांना सांगतो, विचारा. "डॉक्टर, बधिर व्हायला थोडा वेळ देता येईल का? मी मांडीवर घेऊन बसू का?" एवढं विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

अंबाजोगाईची सिस्टर

डॉक्टरांनी औषधाचं लिहिलं, मी हाताचं आणि तोंडाचं लिहिते. अठरा वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी कॅज्युअल्टीत.

पहिली गोष्ट, लेकरू आडवं पाडलं की त्याचा अर्धा धीर तिथंच जातो. बसवा. पायाला किंवा दंडाला सुई द्यायची असेल तर लेकराचं तोंड आईकडं, छातीला छाती, पाय आईच्या कमरेभोवती. कडेवर बिलगतं तसं. मोकळा हात आईच्या काखेखालून मागं. आई मिठी मारते आणि हात आपोआप स्थिर राहतो. हनुवटीला टाके असतील तर आईला कॉटवर टेकून बसवते आणि लेकराची पाठ तिच्या छातीला. डोकं धरायला एक माणूस लागतोच, पण तो कपाळावर तळवा ठेवतो, पंजात आवळत नाही.

माझ्याकडं एकदा सोयाबीनच्या सुगीत एक चार वर्षांचं पोरगं आलं, भुवई फुटलेलं. संगट आज्जी. माय शेतातून यायची होती. पोरगं कुणाला हात लावू देईना. मी ट्रॉली पडद्यामागं नेली, वर टॉवेल टाकला. चिमटे-कात्र्यांचा खणखणाट लेकराच्या कानावर पडला की पुढचं सगळं अवघड होतं. मग त्याच्यासमोर खाली बसले, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. गॉज त्याच्याच हातात दिला आणि म्हणले, "हे तुलाच धरायचंय, मला जमंना." धरलं त्यानं. आज्जी म्हणत होती, "काही होत न्हाई रं बाळा, काही होत न्हाई." मी आज्जीला कानात सांगितलं, आज्जी, असं म्हणू नका. दुखल्यावर तो तुमच्यावरचा विश्वास सोडील.

मी काय बोलते ते सांगते. "आता गार लागंल." लागतं. "आता झोंबंल, मी पाच म्हणेपर्यंत. तू फुंकर मार." आणि पाचला थांबायचं म्हणजे थांबायचं, औषध अजून उरलं असलं तरी. क्षणभर थांबून परत विचारायचं. एकदा आपला शब्द खरा ठरला की लेकरू पुढचे पाच आकडे देतं. माझ्या खिशात भिरभिरं असतं, योगेश्वरी देवीच्या यात्रेतून घेते दरवर्षी. फुंकर मारायला लावली की श्वास लांब होतो, आवळलेलं अंग सैल पडतं. मोबाईलवरचं कार्टूनही चालतं, फक्त सुईच्या आधीच सुरू करा. रडायला लागल्यावर लावलं तर ते बघत नाही.

आत एकानंच बोलायचं. आई बोलते, बाप बोलतो, मामा बोलतो, मावशी बोलते, लेकराला कुणाचंच ऐकू येत नाही. "रडू नको, तू मुलगा आहेस ना" हे बंद करा. "रड, पण हात दगडासारखा ठेव" हे जमतं लेकरांना. आणि हात जोडून सांगते, घरी जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून "डॉक्टर सुई देईल हं" असं म्हणू नका. ती भीती दवाखान्यात आमच्या वाट्याला येते आणि आम्हाला ती अर्ध्या तासात काढता येत नाही.

ज्या आईला रक्त बघून गरगरतं तिनं जबरदस्तीनं थांबू नये. आत्या, मावशी, आज्जी, लेकराच्या रोजच्या अंगाचं कुणीही चालतं. पण लेकरू रडूलालंय म्हणून मायला बाहेर काढू नये. मायजवळ लेकरू जास्त रडतं हे खरं असंल, पण तिच्यापाशी मोकळं व्हायला येतं म्हणून रडतं ते.

बालाघाट (बीड)

सिस्टर, एक विचारतो. ओपीडीत शंभर माणसं, डॉक्टर एक, सिस्टर एक. भिरभिरं कधी फिरवणार? हे मोठ्या शहरातल्या दवाखान्याचं वाटतं मला.

अंबाजोगाईची सिस्टर

भाऊ, मी सरकारीच आहे. चार माणसं धरायला गोळा करायची म्हणजे चार माणसांचं काम थांबतं. वळवळणाऱ्या लेकराला टाका चुकतो, परत घ्यावा लागतो. भिजवलेला गॉज ठेवून वीस मिनिटं आईच धरते, त्या वेळात मी तीन ड्रेसिंग करते. जिथं वेळ नसतो तिथं खरंच नसतो. पण "माय, तू आत ये, मांडीवर घे" म्हणायला किती वेळ लागतो?

बालाघाट (बीड)

हे पटलं. त्या रात्री मी त्याच्या छातीवर हात दाबण्याऐवजी त्याला मांडीत घेऊन बसू शकलो असतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि सुचलंही नाही. काल पोराला विचारलं, तुला तो दिवस आठवतो का रे? म्हणाला, "तुमचा हात आठवतो."

नवी आई (हिंगोली)

माझं बाळ चार महिन्यांचं. ताप आहे म्हणून उद्या रक्त तपासायला सांगितलंय. इतक्या लहान बाळाला तर गोष्ट सांगता येत नाही, काय करू?

मांजराकाठ (लातूर)

अंगावर पाजा. सुईच्या आधी सुरू करा, सुई टोचताना आणि नंतरही चालू ठेवा. कातडीला कातडी लागू द्या. सुई आणि दूध यांचा संबंध जोडून बाळ नंतर पीत नाही, ही भीती मनातून काढा, तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने लसीच्या वेळचं दुखणं कमी करण्याबद्दल 2015 मध्ये जे मार्गदर्शन काढलं त्यातही हेच आहे, आणि बाळाला आडवं न ठेवता धरून बसा असंही आहे. पाजणं जमणार नसेल तर उकळून गार केलेल्या 20 मिली पाण्यात एक सपाट चमचा साखर विरघळवून, दोन मिनिटं आधी, त्यातले एक-दोन मिली जिभेच्या टोकावर थेंब थेंब सोडा. मध नको, वर्षाच्या आत मध अजिबात नको. बाळाला उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि रक्ताला उशीर करू नका. चार महिन्यांच्या बाळाचा ताप अंगावर काढायचा नसतो.

पूर्णेची आज्जी

माझ्या नातवानं चिंचोके खेळता खेळता एक नाकात घातला. सून घाबरून चिमटा शोधायला लागली, मी हात धरला तिचा. डॉक्टर शहाणे होते. त्यांनी हत्यार काढलंच नाही. सुनेला म्हणले, त्याला मांडीवर घ्या, मोकळी नाकपुडी बोटानं बंद करा, तोंडाला तोंड लावून घट्ट धरा आणि एकच जोराची फुंकर मारा. पोराला सांगितलं, मम्मी मोठी पप्पी घेणार आहे. दुसऱ्या फुंकरीला चिंचोका शेंबडासकट तिच्या गालावर आला. पोरगं हसायला लागलं. माझे डोळे भरून आले, कारण माझ्या लेकाच्या नाकातला हरभरा काढताना त्याला तिघांनी धरलेलं मी बघितलं आहे.

मांजराकाठ (लातूर)

आज्जी, छान आठवण काढलीत. ही युक्ती 1965 पासून नोंदलेली आहे. दहापैकी साधारण सहा मुलांत काम होतं आणि नाही झालं तरी पुढचे मार्ग मोकळे राहतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. घरी चिमटा, हेअरपिन घालू नका, वस्तू मागे सरकते. हरभरा, वाटाणा कानात गेला तर पाणी सोडू नका, तो फुगतो. आणि घड्याळाचा किंवा खेळण्याचा बटन सेल नाकात गेला असेल तर कशाचीही वाट न बघता निघा. तो काही तासांत आतली कातडी जाळतो.

विष्णुपुरी (नांदेड)

आमच्या गल्लीतल्या सहा वर्षांच्या मुलीला कुत्र्याने पोटरीला चावलं. लसीशिवाय जखमेतसुद्धा इंजेक्शनं दिली, तिची आई सांगताना थरथरत होती. हे तर टाक्यांपेक्षा भयंकर वाटलं. ते टाळता येत नाही का? आणि झोपेचं औषध देऊन असली कामं करत नाहीत का?

मांजराकाठ (लातूर)

ते टाळायचं नाही. हे ठळक लिहितो, कारण दुखतं म्हणून आई-वडील अर्ध्यातून मुलाला घरी नेतात, हे मी पाहिलंय. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, जखमेत आणि तिच्या भोवती भरावंच लागतं. लस अंगात काम सुरू करेपर्यंत विषाणूला तिथंच अडवणारं दुसरं काही नाही. रेबीज झाल्यावर उपाय नाही. घरी पहिलं काम म्हणजे नळाखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं जखम धुणं. हळद, चुना, मिरची काही लावू नका, लावलेलं धुताना मूल दुप्पट रडतं.

दुखणं कमी करायला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल निघतानाच द्या, किलोमागे 15 मिलिग्रॅम. दवाखान्यात पोचेपर्यंत ते लागू पडायला लागतं. दिलेली वेळ आणि मात्रा डॉक्टरांना सांगा. बाकी मांडी, फुंकर, पाचपर्यंत मोजणं, सगळं इथेही चालतं.

झोपेच्या औषधाचं. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे असतो, भीती उतरवतो, पण दुखणं कमी करत नाही. दोन्हीसाठी केटामाइन असतं, हाड बसवण्यासारख्या कामाला फार उपयोगी. पण त्यासाठी ऑक्सिजन, बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर आणि केवळ मुलाच्या श्वासावर नजर ठेवणारा एक जादा माणूस लागतो. हे जिथे नाही तिथल्या डॉक्टरांना "थोडं झोपेचं देऊनच टाका" असा आग्रह करू नका. त्यांनी नकार दिला तर तो तुमच्या मुलाच्या भल्याचा आहे.

जाता जाता, हात ओढल्यामुळे कोपर सरकलेली दोन-तीन वर्षांची मुलं लग्नसराईत फार येतात. दोन्ही हात धरून झोका देणं बंद करा. ते बसवायला भूल लागत नाही, आईच्या मांडीवर बसल्या बसल्या एका वळशात बसतं आणि बहुतेक मूल थोड्याच वेळात तोच हात पुढे करतं.

गोदाकाठ (परभणी)

परत आले. काल डीपीटीचा बूस्टर झाला.

आठ दिवस आधीपासून सांगितलं नाही, सिस्टरांना मेसेज करून विचारलं होतं. सकाळी वेणी घालताना सांगितलं. दंडावर सुई देणार, टोचल्यावर थोडा वेळ दुखेल, आणि मी पूर्ण वेळ तुला धरून बसणार आहे. ती रडली. मी रडू दिलं. मग बाहुलीला बसवून तिनेच सुई दिली, पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी बाहुलीला "हात दगड ठेव" म्हणाली. भिरभिरं आठवडी बाजारातून आणलं होतं, पिवळं-लाल.

उपकेंद्रात नर्सबाईंना आधीच सांगितलं की हनुवटीच्या टाक्यांपासून ती खूप भ्यालीय, मला मांडीवर घेऊन बसू द्या. त्या लगेच हो म्हणाल्या. मला वाटलं होतं वाद घालावा लागेल. पोरगीच त्यांना म्हणाली, "मम्मी इथंच बसणार आहे." मग छातीला छाती, पाय कमरेला. नर्सबाईंनी सुई पाठीमागे धरली होती. फुंकर मारताना मध्येच तिचा श्वास अडकला, माझ्या पाठीत नखं रुतली, आणि झालं. रडली, पण माझ्या खांद्यावर. कुणी तिचे पाय धरले नाहीत.

घरी येताना गाडीवर पुढे उभी होती. रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हा मागे न वळता विचारलं, "त्या दिवशी तू बाहेर का गेली होतीस?"

मी म्हटलं, "मला जा म्हणाले आणि मी गेले. जायला नको होतं."

ती काही बोलली नाही. फाटक उघडलं, तशी भिरभिरं वाऱ्यावर धरलं आणि म्हणाली, "हळू चालव, तुटंल."